अर्धा नंबर काकांचा, अर्धा काकूंचा

“शिकलगार, तोंड खिडकीकडे करा,” माईणकरकाका म्हणाले.

मी केलं. गिऱ्हाईक तिजोरीचा नंबर दाबत असताना तिकडे बघायचं नाही, हे अब्बांनी मला धंद्यात घेतलं तेव्हाच बजावलं होतं. त्यात नवीन काही नव्हतं. पण माईणकरकाकूही माझ्या शेजारी येऊन खिडकीबाहेर बघत उभ्या राहिल्या, तेव्हा मी चक्रावलो. घर त्यांचं, तिजोरी त्यांची, नवराही त्यांचाच.

“काकू, तुम्ही कशाला?” मी हळूच विचारलं.

“त्यांचे आकडे मी बघायचे नसतात,” काकू म्हणाल्या. “आणि माझे त्यांनी.”

मागे तीन वेळा टिक असा आवाज झाला. “माझं झालं. ये,” काका म्हणाले. दोघांनी जागा बदलल्या. आता काका माझ्या शेजारी आणि काकू तिजोरीपुढे. मागे दोन टिक झाले, मग थोडा वेळ काहीच नाही, आणि मग नंबर नाकारताना कुलूप काढतं तो लांबट, रडका आवाज आला.

“ऐकलंत?” काका खिडकीबाहेर बघतच म्हणाले. “परवापासून हेच चाललंय. सेलसुद्धा नवे घातले मी.”

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी तिशीत होतो आणि मिरजेत आमचं एका शटरचं दुकान होतं. आजोबा सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचे, अब्बांनी कुलपं धरली आणि मी बटणांच्या कुलपांत शिरलो. बटणांची कुलपं तेव्हा हळूहळू घरोघर येत होती आणि लोक त्यांच्यावर रुसायचे, ओरडायचे, प्रसंगी चापटही मारायचे. मला बरी कामं मिळत होती. माईणकरांचा फ्लॅट सांगलीत विश्रामबागला, दुसऱ्या मजल्यावर. त्यांची तिजोरी झोपायच्या खोलीतल्या कपाटात भिंतीला बोल्ट मारून बसवलेली होती आणि तिच्या आत भाचीच्या लग्नात घालायच्या काकूंच्या पाटल्या अडकल्या होत्या.

“पण हा अर्धा-अर्धा नंबर काय प्रकार आहे?” मी विचारलं.

काका खुर्चीत नीट बसले. उंच माणूस, शर्टाची इस्त्री मोडलेली नाही, खिशाला पेन. घरात पेन लावून बसणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

“बँकेत स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्या असतात,” ते म्हणाले. “एक मॅनेजरकडे, एक हेडकॅशियरकडे. दोघं आल्याशिवाय दार उघडत नाही. जॉइंट कस्टडी म्हणतात त्याला. मी मॅनेजर म्हणून रिटायर झालो, ही हेडकॅशियर म्हणून.”

“एकाच शाखेत?”

“छे, छे. नवरा-बायकोला एका तिजोरीवर कोण बसवतंय,” काकू म्हणाल्या. “हे जतला असले की मी सांगलीत. मी तासगावला गेले की हे इस्लामपूरला. जन्मभर दुसऱ्याच कुणाकुणाबरोबर दारं उघडली. म्हटलं, आता घरी तरी बरोबर उघडू.”

तिजोरी त्यांच्या मुलानं, निखिलनं घेऊन दिलेली. तो बंगळूरला असतो. नंबर सहा आकड्यांचा. पहिले तीन काकांनी ठरवायचे, पुढचे तीन काकूंनी. कुठं लिहायचे नाहीत आणि एकमेकांना सांगायचे नाहीत. इतकी वर्षं ते बिनबोभाट चाललं होतं.

“निखिललाही माहीत नाही?”

“त्याचा काय संबंध?” काका म्हणाले. “नियम म्हणजे नियम.”

मी त्यांना आणखी एकदा नंबर दाबायला सांगणार होतो, पण कीपॅडवरचा लाल दिवा लुकलुकायला लागला. चुका फार झाल्या की ही कुलपं काही मिनिटं रुसून बसतात. तेवढ्या वेळात कुठलंही बटण दाबा, आवाज नाही की हालचाल नाही. मी तसं सांगितलं.

“मग चहा टाकते,” काकू म्हणाल्या. “शिकलगार, जरा आत या. वरच्या फळीवरचा डबा काढून द्या. माझा हात पोचत नाही.”

डबा फळीवर नव्हताच. ओट्यावर होता. काकूंनी गॅस मोठा केला, नळ सोडला आणि त्या दोन्ही आवाजांच्या आड मला म्हणाल्या, “लॉकला काही झालेलं नाही.”

“मग?”

“हे विसरलेत. त्यांचे तीन आकडे.”

काकू बुटक्या, गोल चेहऱ्याच्या. केस पांढरे पण मागं घट्ट बांधलेले. बोलताना त्या पातेल्यातल्या पाण्याकडे बघत होत्या.

“गेल्या महिन्यात कोथिंबीर आणायला म्हणून गेले. भोपळा आणला, गाजरं आणली, कोथिंबीर नाही. शेजारच्या देसायांना कुलकर्णी म्हणून हाक मारली. एकदा नाही, दोनदा. अहो, मॅनेजर असताना यांना खातेदाराच्या बापाचं नाव, गाव, त्याची म्हैस कधी व्याली, सगळं पाठ असायचं.”

“काकू, एवढं तर माझंही होतं.”

“तुम्हाला न्यायला कुणी येत नाहीये,” काकू म्हणाल्या. “निखिलला मी फोनवर नुसतं सांगितलं की तिजोरी उघडत नाही. तो म्हणाला, आई, लॉक बिघडत नाही, तुमच्यापैकी एक जण नंबर विसरलाय. आता तिथं दोघांनीच राहणं बास झालं, रविवारी येतो, सामान बांधायला घ्या. मुलगा चांगला आहे हो, काळजीनंच बोलतो. पण यांना कळलं की आपल्या विसरण्यामुळे घर बंद करायला लागलं, तर माणूस खचेल. तुम्ही बाहेर गेलात की मोठ्यानं सांगा, लॉक खराब आहे. आणि बदलून टाका.”

“बघतो की.”

“बघू नका. सांगा.” त्यांनी नळ बंद केला.

मी चहाचा कप घेऊन बाहेर आलो तर काका उभेच होते. “इथं उकडतंय. गॅलरीत या,” ते म्हणाले. खोलीत पंखा चालू होता आणि गॅलरीत रणरणतं ऊन होतं. मी निमूट गेलो.

गॅलरीत कुंड्या होत्या. काकांनी एका कुंडीतलं सुकलेलं पान खुडलं, खिशात घातलं आणि आवाज खाली आणला. बँकेत कर्ज नाकारताना ते असेच बोलत असणार.

“लॉक उत्तम आहे,” ते म्हणाले. “विजया विसरली आहे.”

मला चहाचा ठसका लागला. काकांनी माझ्या पाठीवर थोपटलं आणि पुढे बोलत राहिले.

“दूध गॅसवर ठेवते आणि फोनवर बोलत बसते. परवा वरणात दोनदा मीठ, काल अजिबात नाही. मी मुकाट जेवलो. बँकेत तिला खातेदारांच्या सह्या डोळ्यांपुढे दिसायच्या, कार्ड काढून बघायला लागायचं नाही. आणि आता तीन आकडे आठवेनात. तिला मी काही विचारलं नाही. कसं विचारू? निखिल म्हणतो, इकडे चला. मी जाईन. माझं काय, मला पेपर आणि फिरायला रस्ता मिळाला की झालं. पण आपल्यामुळे इथून उठावं लागलं, हे तिच्या मनाला लागलं तर ती तिथं एक दिवस सुखानं राहायची नाही.”

“म्हणजे मी काय करायचं?”

“खोटं बोलायचं,” काका म्हणाले. “मी नोकरीत कुणाला खोटं बोलायला सांगितलं नाही. तुम्ही पहिले.”

मला हसू येत होतं. एकमेकांच्या नकळत दोघांनी मला एकाच लबाडीसाठी धरलं होतं, आणि दोघांनाही स्वतःची नाही, दुसऱ्याची लाज राखायची होती. आमच्या घरी अब्बा आणि अम्मी एकमेकांवर असा जीव टाकताना मी कधी पाहिले नव्हते. ते सरळ भांडायचे, आणि त्यांचंही बरं चाललं होतं.

पण गॅलरीतून आत येताना माझ्या डोक्यात एक गोष्ट आली आणि हसू गेलं. मी खिडकीकडे तोंड करून उभा असताना काकांच्या पाळीला तीन टिक झाले होते. काकूंच्या पाळीला दोनच. आकडे पुरे पडले नाहीत की ते कुलूप थोडं थांबतं आणि मग नकार देतं. तसंच झालं होतं. काकूंच्या हातून एक आकडा गेलाच नव्हता. म्हणजे एक तर बटण बिघडलं होतं, नाही तर काका म्हणत होते ते खरं होतं.

बटण बिघडलेलं असू दे, असं मला त्या वेळी फार वाटलं. गिऱ्हाइकाची वस्तू खरोखर बिघडलेली निघावी असं दुरुस्तीवाल्याला नेहमीच वाटतं, पण त्या दिवशी त्याचं कारण वेगळं होतं.

मी खाली बसलो आणि कीपॅडचे स्क्रू काढले. काका-काकू दोघंही पलंगाच्या कडेवर येऊन बसले, मधे एका माणसाची जागा सोडून. दोघं माझ्याकडे बघत होते, एकमेकांकडे नाही.

कीपॅड हातात आला. मी तो उलटा केला, मागचं झाकण उचकटलं, रबरी बटणांची चादर सोलून काढली आणि तिथंच थांबलो. पाचाच्या बटणाखाली तांबडा-पिवळा घट्ट लगदा बसला होता. बाकीची बटणं स्वच्छ होती. पाचाखाली मात्र इतकं काही साठलं होतं की कितीही दाबा, खालच्या पट्टीला ते टेकणं शक्य नव्हतं.

मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानंच म्हणालो, “लॉक खराब आहे.”

काकांनी मांडीवर थाप मारली. “बघ, मी म्हणत नव्हतो?” ते काकूंना म्हणाले आणि मग काकूंच्या डोक्यावरून माझ्याकडे बघून त्यांनी हळूच मान हलवली. चांगलं काम केलंत, अशी.

“मेली ही बटणांची कुलपं,” काकू म्हणाल्या. “आपली किल्लीच बरी होती.” आणि काकांची पाठ वळताच त्यांनी मला हात जोडले.

इतकं वाईट नाटक मी शाळेच्या गॅदरिंगमध्येही पाहिलं नव्हतं.

“अहो, खरंच खराब आहे,” मी म्हणालो.

“हो, हो. अगदी खरंच,” काका म्हणाले.

“मी खोटं सांगत नाहीये.”

“कोण म्हणतंय तुम्ही खोटं सांगताय म्हणून?” काकू घाईघाईनं म्हणाल्या आणि मला डोळ्यांनी दटावलं.

धंद्यात मी थापा मारल्या नाहीत असं नाही. उद्या येतो म्हणून सांगून परवा गेलोय. ते लोकांनी मुकाट खरं मानलं. आणि त्या दिवशी मी खरं बोलत होतो तर दोन शहाणी माणसं ते थाप म्हणून प्रेमानं गोड मानून घेत होती. मला ते सोसेना.

“बरं, आता असं करू,” मी म्हणालो. “माझ्याकडे नवा कीपॅड आहे. तो बसवतो. तुमचा नंबर या कीपॅडमध्ये नसतो, तो दाराच्या आत मुख्य कुलपात असतो. कीपॅड नुसता निरोप पोचवतो. म्हणजे नव्या कीपॅडवर तुमचा जुनाच नंबर चालेल. दोघांनी आपापले आकडे दाबा, दार उघडेल.”

पलंगावर दोघंही एकदम ताठ बसली.

“नको,” काका म्हणाले.

“जुना नंबर कशाला परत?” काकू त्याच दमात म्हणाल्या. “सगळंच नवं टाका. नवं लॉक, नवा नंबर.”

“तेच म्हणतो मी,” काका म्हणाले. “एकदाच काय ते होऊन जाऊ दे.”

“पण दार बंद आहे, काका. आतलं कुलूप बदलायचं तर आधी दार उघडायला हवं. नंबर नको असेल तर ड्रिल मारून दाराला भोक पाडावं लागेल.”

“मारा,” काका म्हणाले.

“मारा,” काकूही म्हणाल्या.

आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाईक मला धडधाकट तिजोरी फोडायला सांगत होतं, आणि तेही एकमतानं. मी ड्रिलची पेटी उघडली नाही. नवा कीपॅड काढला, वायर जोडली आणि स्क्रू फिरवायला लागलो. त्यांना वाटलं असेल हा फोडायची तयारी करतोय. खरं सांगायचं तर मलाही खात्री नव्हती. बटण बिघडलं होतं हे नक्की. पण बटण बिघडलं म्हणून काकूंना आकडे आठवतातच असं कुठं होतं? दोन्ही एकदम झालेलं असू शकत होतं. नव्या कीपॅडवर पुन्हा तो रडका आवाज आला असता तर पांघरूण घालायला माझ्याकडे काही उरलं नसतं. दोघांपैकी एकाला दुसऱ्यासमोर उघडं पाडल्याचं पाप माझ्या माथी आलं असतं. पण ड्रिल मारलं असतं तर ही दोन माणसं पुढची सगळी वर्षं एकमेकांकडे चोरून बघत, मीठ-कोथिंबिरीचा हिशेब मनात ठेवत राहिली असती.

शेवटचा स्क्रू आवळून मी जुना कीपॅड उचलला आणि त्यांच्यापुढे धरला. “हे बघा तरी. हे काय आहे?”

काकूंनी चष्मा पुढे ओढला. लगद्यावर बोट लावलं, नाकाशी नेलं.

“हे माझं कुंकू,” त्या म्हणाल्या.

“लॉकच्या आत तुमचं कुंकू कसं गेलं?”

“दर शुक्रवारी लावते की. हळद आणि कुंकू. लक्ष्मीच ना ती. बँकेतही दसऱ्याला स्ट्राँगरूमच्या कुलपाला मीच लावायची. ओलं करून, बरोबर मधोमध.”

बँकेचं कुलूप लोखंडाचं, त्याला कशाचं काही वाटत नसणार. या कीपॅडच्या मधोमध पाचाचं बटण होतं.

“आणि शनिवारी मी पुसतो,” काका म्हणाले. “ओल्या फडक्यानं. डाग राहिलेले मला चालत नाहीत.”

“म्हणजे काकूंनी लावायचं आणि तुम्ही ते पुसून पुसून आत ढकलायचं,” मी म्हणालो. “इतकी वर्षं. दोघांनी मिळून मारलंय याला.”

काका खरोखर ओशाळले. पण काकूंचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. त्या कीपॅडकडे बघत होत्या.

“हे बटण कुठलं म्हणालात?” त्यांनी विचारलं.

“पाचाचं. हे दाबलं तरी लागत नव्हतं.”

“एवढं एकच?”

“एवढं एकच.”

काकूंनी माझ्या हातातला कीपॅड घेऊन हळूच पेटीवर ठेवला आणि पदराला बोट पुसलं. त्यांचे तीन आकडे मला तेव्हा माहीत नव्हते, काकांना तर नव्हतेच. पण त्यात पाच आहे की नाही, हे त्यांना स्वतःला माहीत होतं. परवापासून त्या ज्या माणसाला मनातल्या मनात विसराळू ठरवून जपत होत्या, त्यानं आपले तीन आकडे दर वेळी बरोबर दाबले होते. अडत होतं ते त्यांच्याच बोटापाशी. हे त्यांच्या ध्यानात येताना मी बघितलं. त्यांचा चेहरा आधी पडला आणि मग असा उजळला की मला दुसरीकडे बघावंसं वाटलं.

“अहो, उठा,” त्या काकांना म्हणाल्या.

“कशाला?”

“उठा. तुमचे दाबा.”

“विजया, राहू दे ना. हे भोक पाडतायत ते पाडू दे.”

“काही भोक पाडायचं नाही. तुमचा नंबर बरोबर आहे. माझाही बरोबर आहे. मी सांगते ना.”

काका माझ्याकडे बघायला लागले. त्यांच्या डोळ्यांत सरळ विनवणी होती. थांबवा हिला, ती आता तोंडघशी पडणार, असं ते न बोलता मला म्हणत होते. मी मान खाली घातली. एवढा उंच माणूस गुडघ्यावर हात टेकून कष्टानं उठला.

काकू आणि मी खिडकीपाशी गेलो. मागे तीन टिक झाले.

“ये,” काका म्हणाले.

काका माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि त्यांनी खिडकीचा गज धरला. खाली कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. मागे एक टिक झाला. दुसरा झाला. काकांनी डोळे मिटले.

तिसरा झाला.

मग कुलपाच्या आत ती लहानशी मोटर फिरली. तो आवाज मी हजारदा ऐकलाय, पण तसा पुन्हा कधी ऐकला नाही. हँडल खाली गेलं आणि दार उघडलं.

पाटल्या कुणी बघितल्याच नाहीत. काकूंनी दार लोटून पुन्हा बंद केलं आणि म्हणाल्या, “परत.” पुन्हा काका, पुन्हा काकू, पुन्हा दार उघडलं. तिसऱ्यांदा काका स्वतःच म्हणाले, “परत.” मी आपला खिडकीशी उभा. समोरच्या इमारतीतली एक बाई आम्ही पाळीपाळीनं खिडकीत येऊन का उभे राहतोय ते कपडे वाळत घालायचं सोडून बघत होती.

शेवटी काका पलंगावर बसले. खिशातून रुमाल काढून त्यांनी डोळे पुसले आणि ते लपवलंही नाही.

“मला वाटलं, तू विसरलीस,” ते म्हणाले.

“मी?” काकूंनी कमरेवर हात ठेवले. “मला वाटलं, तुम्ही विसरलात.”

“मी कशाला विसरेन?”

“कोथिंबीर कोण विसरलं?”

“आणि मिठाचं काय?”

“मग तेव्हाच सांगायचं नाही का, खारट झालंय म्हणून? मी म्हटलं, हे इतकं मुकाट जेवतायत म्हणजे यांची चवही गेली.”

काका हसायला लागले. काकूही हसल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. मी खाली बसून विनाकारण तेच स्क्रू पुन्हा आवळत राहिलो. मग दोघांना एकदमच सुचलं आणि दोघंही माझ्याकडे वळले.

“शिकलगार, यांनी तुम्हाला गॅलरीत काय सांगितलं?”

“आणि हिनं आत?”

“उकडतंय म्हणाले,” मी म्हणालो. “आणि काकू म्हणाल्या, डबा काढून द्या.”

काकांनी तिथंच निखिलला फोन लावला. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं, पण काकांच्या बोलण्यावरून कळत होतं. “अरे, लॉकच खराब होतं. नाही, आम्ही शिकवून ठेवलं नाहीये त्यांना. बरं, तुझा विश्वास नाही ना? मग ये रविवारी आणि तूच खिडकीशी उभा राहा. हो, जेवायलाच ये. सामान? कसलं सामान? आम्ही कुठं निघालोय?” ते ऐकताना काकू पाटल्या हातात घालून बघत होत्या आणि गालातल्या गालात हसत होत्या.

मी पेटी आवरली. निघताना मला राहवलं नाही. “काका, एक सांगू? वय कुणाला चुकत नाही. तुमचे आकडे काकूंना सांगून ठेवा आणि त्यांचे तुम्ही ऐकून ठेवा. उद्या खरंच वेळ आली तर?”

काकांनी मॅनेजरसारखं माझ्याकडे बघितलं. “जॉइंट कस्टडी आहे ती,” ते म्हणाले. “सांगितल्यावर कस्टडी कसली?”

“बरोबर आहे,” काकूही म्हणाल्या. “आता आठवतंय ना दोघांना? मग झालं.”

त्यांच्या आनंदात मला मोडता घालायचा नव्हता.

खाली येऊन गाडीला पेटी बांधली आणि डोक्याला हात लावला तर हेल्मेट नाही. चपलांच्या स्टँडवर राहिलं होतं. मला माझंच हसू आलं. जिना चढून पुन्हा वर गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. बेलकडे हात नेला आणि आतून काकूंचा आवाज आला. त्या हळूहळू तीन आकडे म्हणत होत्या, लहान मुलाला पाढे शिकवावेत तशा.

मग काकांनी ते म्हटले. एक चुकला.

“चुकलात,” काकू म्हणाल्या. “परत म्हणा.”

काकांनी परत म्हटले. या वेळी बरोबर आले. मग काकांनी आपले तीन सांगितले आणि काकूंनी ते म्हटले. चुकल्या, परत म्हटले. मग दोघांनी सहाही आकडे एकत्र म्हटले, आणि पुन्हा एकदा म्हटले. घाई कुणालाच नव्हती.

मी बेल वाजवली नाही. हेल्मेटशिवायच खाली उतरलो. सहाच्या सहा आकडे माझ्या कानावर स्पष्ट पडले होते. गाडीपाशी पोचेपर्यंत मी ते विसरून गेलो. आमच्या धंद्यात तेवढं जमावं लागतं.